केबल की दोर: वाईजवळच्या एका कड्यावरचा निर्णय

पार्श्वभूमी

वाईपासून अर्ध्या तासावर एक गाव आहे. गावामागे भैरोबाचं देऊळ आणि देवळामागे ७० फूट उंचीचा उभा काळा कडा. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदललेत. घडलं ते मात्र घडलं तसंच लिहितो आहे.

साताऱ्यातला आमचा गिर्यारोहणाचा गट जुना. पावसाळा सरला की कातळावर सराव, जमलं तर वर्षाकाठी एखादा सुळका, उन्हाळ्यात मुलांची शिबिरं. या कड्यावर आम्ही रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, दहा-बारा वर्षं जातोय. गावातल्या पोरांना आमचे दोर ओळखीचे, आम्हाला त्यांच्या घरची भाकरी ओळखीची.

आमच्यातला एकजण नोकरीनिमित्त दोन वर्षं इटलीत होता. सुट्टीत तो डोलोमाइट्सच्या डोंगरांत गेला आणि त्रे चिमे निसर्ग उद्यानातल्या माँते पातेर्नोवर, म्हणजे २,७४४ मीटरवर, व्हिया फेराटाने चढून आला. व्हिया फेराटा म्हणजे लोखंडी वाट. कड्याला पोलादी केबल बोल्टांनी ठोकलेली असते, अवघड जागी लोखंडी पायऱ्या असतात. कमरेच्या हार्नेसला दोन पट्टे, त्यांच्या टोकांना कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कड्या. ते केबलमध्ये अडकवायचे आणि चढायचं. बोल्ट आला की एक काढून पलीकडे लावायचा, मग दुसरा. एक कॅराबिनर सतत केबलमध्ये राहतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७ या काळात, इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य याच डोंगरांत समोरासमोर होतं. माणसं आणि दारूगोळा वर न्यायला त्यांनी शिड्या, दोर, केबली लावल्या. आजच्या बऱ्याच लोखंडी वाटा त्यांच्यावरच उभ्या आहेत. पातेर्नोच्या वाटेत त्या वेळी खोदलेला बोगदा आहे, तो कपाळाला टॉर्च लावूनच पार करावा लागतो.

त्याने हे फोटो आम्हाला दाखवले, आमच्यातल्या कुणीतरी ते गावात दाखवले. आठवड्याभरात सरपंचबाईंचा फोन आला. "सर, महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरनं नुसत्या धूळ उडवत जात्यात. पोरं पुण्याला कंपनीत बारा-बारा तास राबत्यात. हे लोखंडाचं आपल्या कड्याला बसतंय का बघा की. शाळांच्या सहली येतील."

मागणी रास्त होती. पुढे जे झालं त्याचा दोष मागणीला देता येणार नाही.

काय ठरलं होतं

सातबारा पाहिला. कडा मालकीच्या जमिनीत होता, वनखात्याच्या हद्दीबाहेर. मालक तयार होते. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यानुसार नोंदणी करावी लागणार होती. ती नंतर करू असं म्हणून आधी कड्याच्या डाव्या अंगाला एक चाचणीची वाट लावायचं ठरलं. १२ मिलिमीटरची पोलादी केबल, साधारण ३ मीटरवर एक असे एक्स्पान्शन बोल्ट, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे. ब्रॅकेट आमच्यातल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याने साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये बनवले. काम त्याने मनापासून केलं होतं, ब्रॅकेटच्या धारा घासून गुळगुळीत केल्या होत्या की कुणाचा हात कापू नये.

पट्ट्यांचा प्रश्न उरला. व्हिया फेराटासाठी जे तयार पट्टे मिळतात त्यात ऊर्जा शोषणारा भाग असतो: घडी घालून शिवलेली पट्टी, छोट्या पिशवीत बसवलेली. माणूस पडला की तिची शिवण टाक्या-टाक्याने उसवत जाते आणि धक्का त्या उसवण्यात जिरतो. ते बाहेरून मागवावे लागणार होते आणि महाग होते. चाचणीपुरते आपले नेहमीचे स्लिंग वापरू, असं मी म्हणालो. कातळावर स्वतःला अँकर करायला, म्हणजे बांधून घ्यायला, वापरतो ते पट्टीचे फास, मीटरभर लांबीचे. ते २२ किलोन्यूटनचा भार घेतात, म्हणजे २ टनांहून जास्त. आपण सगळे मिळूनही तेवढे भरणार नाही, असा माझा हिशोब होता. तो चुकीचा होता, आणि का चुकीचा होता हे मला ठाऊक असायला हवं होतं.

चाचणीचा दिवस

फेब्रुवारीतला रविवार. सकाळी चार जण चढून गेले, काही अडलं नाही. गावातली पन्नासेक माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसून बघत होती. आमच्यातले एक शिक्षक आहेत, वयाने माझ्याहून मोठे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दादा, पोरांना वरनं एक दोर देऊया का? पहिलाच दिवस आहे." मी म्हटलं, मास्तर, वरून दोर दिला तर केबलची चाचणी कसली? लोकांना वाटेल यांचाच हिच्यावर भरवसा नाही. मास्तर गप्प बसले. दोर खाली गाडीतच राहिला.

पाचवा आमचा सर्वांत धाकटा, तेवीस वर्षांचा, ६२ किलो वजनाचा. तिसऱ्या बोल्टपाशी पोचला, पट्टा बदलायला एक कॅराबिनर काढला आणि उजवा पाय बारीक मुरमावरून सटकला. दुसरा कॅराबिनर केबलमध्ये होता, त्याने तो धरून ठेवायला हवा होता. पण केबल उभी असते. कॅराबिनर तिच्यावरून घरंगळत खालच्या बोल्टपर्यंत गेला आणि तिथे अडकला. एकूण साडेतीन मीटरची पडझड, मीटरभराच्या पट्ट्यावर.

आवाज मोठा नव्हता. खुंटीवर भरलेली घागर आदळावी तसा. मग तो एका अरुंद टप्प्यावर पाय टेकून, वाकून उभा होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

गाडीतून दोर आणून, मागच्या वाटेने वर जाऊन, झाडाला अँकर करून त्याच्यापर्यंत पोचायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. पायाखाली तो टप्पा नसता तर तेवढा वेळ तो हार्नेसमध्ये नुसता लोंबकळला असता. पाय न हलवता तसं लोंबकळत राहणं जिवावर बेतू शकतं. वाईच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, दोन बरगड्यांना चिरा होत्या. पडताना त्याने डाव्या हाताने केबल पकडायचा प्रयत्न केला होता. तळव्याची कातडी सोलून निघाली, पण वेग थोडा तरी त्यानेच कमी झाला. हातमोजे घातले असते तर हातही वाचला असता, आणि हातमोजे त्याच्या सॅकमध्येच होते.

तो कॅराबिनर माझ्याकडे आहे. बोल्टच्या ब्रॅकेटवर आडवा पडून वाकलाय, गेट, म्हणजे त्याची उघडणारी बाजू, अर्धवट उघडं राहतं, बोटाने ढकललं तरी बंद होत नाही.

चूक नेमकी कुठे होती

त्या रात्री मास्तर, फॅब्रिकेशनवाला, इटलीहून आलेला मित्र आणि मी कागद घेऊन बसलो.

पडण्याची तीव्रता मोजायची गिर्यारोहकांची रीत सोपी आहे. किती पडलात त्याला, ज्या दोराने थांबवलं त्याच्या लांबीने भागायचं. लीड करताना, म्हणजे दोर खालून घेऊन सर्वांत पुढे चढताना, १० मीटर दोर सोडलेला असेल आणि ४ मीटर पडलो तर आकडा ०.४. बिलेअरच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, अगदी डोक्यावरून पडलो आणि मध्ये दोर कुठेच अडकवलेला नसेल तर २. आपल्या नेहमीच्या आरोहणात २ च्या वर तो जातच नाही, आणि आपला दोर ताणला जाणारा असतो. लोखंडी वाटेवर पडणं ठरतं दोन बोल्टांमधल्या अंतराने आणि थांबवायला असतो मीटरभर पट्टा. आमचा आकडा निघाला ३.५. बोल्ट आणखी लांब असते तर ५ च्याही पुढे गेला असता. स्लिंग ताणत नाही. तो तुटला नाही म्हणजे सगळा धक्का दुसरीकडे गेला: कॅराबिनरवर, बोल्टवर आणि पोराच्या छातीवर. स्लिंगची ताकद किती हे मी पाहिलं होतं. आत बांधलेल्या माणसाची ताकद किती, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

दुसरी चूक दगडाची. दुसऱ्या दिवशी आम्ही वरून दोरावर उतरून तो खालचा बोल्ट पाहिला. बोटभर बाहेर आला होता आणि भोवतीचा दगड पापुद्र्यासारखा फुटला होता. डोलोमाइट्सचा दगड म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद, मॅग्नेशियम असलेला. पावसाच्या पाण्याने तो झिजतो, विरघळतो, भोकं पडतात, पण मोठमोठ्या सलग भिंती उभ्या असतात. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. एकाच कड्यात घट्ट काळा कातळ, त्यावर फुग्याफुग्यांचा जाळीदार दगड, मध्येच तांबड्या मातीची पट्टी. कमळगडावरची कावेची विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा तांबडा थर वेगळा सांगायला नको. तिथे माणूस कातळाच्या पोटात उतरतो आणि चहूबाजूंनी गेरू असतो. आमच्या कड्यात तशीच वीतभर जाडीची पट्टी होती, आणि तो बोल्ट तिच्या हातभर वर, जाळीदार दगडात गेला होता.

ड्रिल मारण्याआधी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, हे आम्ही प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी शिकवतो. खणखणीत वाजला तर कातळ जिवंत, बद्द वाजला तर पोकळ. त्या जागी मी स्वतः ठोकलं होतं. बद्द वाजला होता. संध्याकाळ झाली होती, केबलची लांबी आधीच कापून ठेवली होती, बोल्ट तिथेच बसवावा लागत होता. केबल आधी आणि दगड नंतर, असा उलटा क्रम आम्ही लावला होता.

पर्याय

गावाला उत्तर द्यायचं होतं. सरपंचबाई दवाखान्यात दोनदा येऊन गेल्या, डबा घेऊन. एकदाही "आता पुढं काय" असं विचारलं नाही. त्यामुळे टाळणं आणखी अवघड झालं.

पहिला पर्याय म्हणजे तीच वाट, पण रीतसर. चांगल्या कातळात बोल्ट, जवळजवळ, आणि बाहेरून मागवलेले पट्टे. इटलीवाल्या मित्राचा याला जोर होता. त्याचं म्हणणं असं की तिकडे शेकड्याने माणसं रोज चढतात, चूक वाटेची नव्हती, आपल्या कंजूषपणाची होती. बरोबर होतं. फॅब्रिकेशनवाल्याने सुचवलं की कारखान्यात उंचीवर काम करणाऱ्यांना मिळतात ते धक्का शोषणारे लॅनयार्ड, म्हणजे सुरक्षेचे पट्टे, वापरू, एमआयडीसीत सहज मिळतात. ते बारकाईने पाहिलं. त्यांची युरोपीय चाचणी १०० किलो वजन २ मीटरच्या लॅनयार्डवर ४ मीटर पाडून होते, म्हणजे आकडा २. आपल्याला ४-५ साठी हवे होते. ते बाद झाले.

मग व्हिया फेराटाच्या खऱ्या पट्ट्यांचं मानक काढलं, ईएन ९५८. आणि तिथे एका ओळीत सगळं प्रकरण फिरलं. हे पट्टे ४० ते १२० किलो वजनाच्या माणसासाठी असतात. त्याहून हलक्या माणसाच्या वजनाने शिवण पुरेशी उसवतच नाही, धक्का तसाच अंगावर येतो. म्हणून लहान मुलांना तिकडेही वेगळ्या दोरावर घेतात.

मास्तर उठले, मोबाइलमध्ये शाळेच्या आरोग्य तपासणीची यादी काढली आणि वाचू लागले. सहावीचा वर्ग. २८, ३१, २६, ३४, २९. चाळीसच्या वर संपूर्ण वर्गात तिघंच. गावाला वाट हवी होती शाळांच्या सहलींसाठी.

त्यानंतर पहिल्या पर्यायावर फारसं बोलणं झालं नाही. आणखी दोन गोष्टी होत्याच. शिबिरं भरतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, आणि विजा चमकत असताना कड्यावरच्या पोलादी केबलला बांधलेलं असणं म्हणजे काय ते कुणालाही कळेल. शिवाय कड्याच्या उजव्या अंगाला दरवर्षी आग्या मोहोळ बसतं. माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला झरझर खाली सोडता येतं. केबलवरच्याला एकेक पट्टा बदलत उतरावं लागतं.

दुसरा पर्याय मास्तरांचा: लोखंडी पायऱ्या बसवायच्या, केबल काढून टाकायची. पाय लोखंडावर, जीव दोरावर. प्रत्येकाला वरच्या अँकरमधून आलेला दोर, खाली प्रशिक्षित बिलेअर. सटकलं तरी माणूस दोराच्या ताणाएवढाच खाली येतो, वजन २६ असो की ९०. तोटा एकच आणि मोठा. एका दोरावर एका वेळी एकच माणूस. केबलवर दिवसाला शंभर जण गेले असते, इथे दोन दोर लावले तरी तीस-पस्तीस.

तिसरा, सगळं काढून जुनं रॅपलिंग तेवढं चालू ठेवायचं. माझा कल खरं तर इकडे होता. त्यात भीतीचा भाग किती आणि विचाराचा किती, हे मला तेव्हा वेगळं करता येत नव्हतं. जखमी पोराने घरून फोनवर सांगितलं, "काढून टाकू नका. मास्तरांचं ऐका." तेव्हा मी कल सोडला.

काय केलं

केबल आणि बोल्ट मार्चमध्ये उतरवले. मग दोघांनी तीन रविवार फक्त हातोडी घेऊन कडा वाजवला. वाजला तसा खडूने रंगवला: पांढरी फुली चांगल्या जागी, तांबडी बद्द जागी. खालून पाहिलं तर जाळीदार थर आणि तांबडी पट्टी खडूच्या फुल्यांतून स्पष्ट उमटली होती, एखाद्या नकाशासारखी. वाट ठरवली ती पांढऱ्या फुल्यांवरून. ती सरळ वर गेली नाही, मध्ये डावीकडे वळली.

चौदा स्टेनलेस स्टीलच्या पायऱ्या रेझिनने, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, बसवल्या. रेझिनच्या कामात ९० टक्के जीव भोक साफ करण्यात असतो. आत धूळ राहिली तर रेझिन धुळीला चिकटतं, दगडाला नाही. ब्रश फिरवायचा, सायकलच्या पंपाने हवा मारायची, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा, भोकातून भुकटी यायची पूर्ण थांबेपर्यंत. गावातली दोन पोरं हे काम इतकं नेटाने करायला लागली की शेवटी आम्ही बाजूला झालो. पुरेसे दिवस रेझिन वाळू दिल्यावर प्रत्येक पायरी चेन पुलीने ओढून पाहिली, मध्ये गुऱ्हाळवाल्याकडून आणलेला लोंबता वजनकाटा लावून. १ टन भार, पाच मिनिटं. एक पायरी किंचित हलली. ती कापून टाकली आणि हातभर बाजूला नवी बसवली.

वर दोन स्वतंत्र अँकर, साखळीने जोडलेले, घट्ट कातळात. गावातल्या सहा जणांना, चार मुलगे आणि दोन मुली, चार महिने दर शनिवारी बिले शिकवलं. नोंदणीचे कागद या वेळी आधी केले.

काय वेगळं करता आलं असतं

मास्तरांचा दोर. बाकी सगळ्या चुका तशाच राहिल्या असत्या, तरी वरून एक दोर असता तर त्या दिवशी पोराचं काहीही झालं नसतं आणि बोल्ट हलला हे आम्हाला फुकटात कळलं असतं. चाचणी केबलची करायची होती, माणसाची नाही. खरं तर माणूस लावायचीच गरज नव्हती. वाळूचं पोतं बांधून पाडलं असतं तरी तो कॅराबिनर वाकला असता.

मास्तर हळूच बोलले, कारण पन्नास माणसं बघत होती. त्यानंतर आम्ही एक नियम केला: चढाई सुरू होण्याआधी गटातल्या प्रत्येकाला, सर्वांत नवख्यापासून सुरुवात करून, "काय खटकतंय" हे विचारायचं, आणि त्या वेळी गावकरी, पालक, पाहुणे जवळ नकोत. एकालाही खटकत असेल तर ते दूर होईपर्यंत कुणी दोराला हात लावत नाही.

वजनाची यादी आम्ही पहिल्याच दिवशी मागायला हवी होती. कोण चढणार आहे हे ठाऊक होतं, पण ते किती किलोचे आहेत हे कुणी विचारलं नाही. महिनाभर आम्ही केबलच्या जाडीवर बोलत राहिलो.

सुटका करायचं सामान खाली गाडीत ठेवणं ही तर सरळ चूक. आता दोर, दोन पुली आणि प्रथमोपचाराची पेटी चढाईआधी कड्याच्या माथ्यावर जाते.

एका गोष्टीबद्दल अजूनही आमच्यात एकमत नाही. इटलीवाल्या मित्राला वाटतं, प्रौढांसाठी उजव्या अंगाला रीतसर केबलची वाट व्हायला हवी होती, दोन्ही शेजारी चालू शकली असती. मला वाटतं, मोठ्यांची वाट शेजारी दिसली की सहावीतला मुलगा तिच्यावर जायचा हट्ट धरणार, आणि एखाद्या गर्दीच्या दिवशी कुणीतरी त्याला मोठ्यांचा पट्टा बांधणार.

सध्या

वाट दोन हंगाम चालली. दसऱ्यानंतर उघडते, मार्चअखेर बंद होते. मोहोळ बसलं तर त्याआधीच. दिवसाला तीसच्या आसपास मुलं चढतात, बाकीची खाली रांगेत ओरडून त्यांना पायऱ्या सांगत असतात. अपघात झालेला नाही. गावाला पैसे मिळतात, पण सरपंचबाईंनी मनात धरले होते तेवढे नाहीत. सहा जणांपैकी दोन पोरं पुण्याला गेलीच. उरलेल्या चौघांत एक मुलगी आहे, तिच्या हातात दोर असला की मी पाठ फिरवून चहा पिऊ शकतो.

आमचा धाकटा पुन्हा चढायला लागला. थंडीत बरगडी दुखते म्हणतो. पहिल्या वाटेची भोकं दगडाच्या भुकटीत कालवलेल्या सिमेंटने बुजवलीत, लांबून दिसत नाहीत. गेल्या महिन्यात ग्रामसभेत केबलचा विषय पुन्हा निघाला, या वेळी एका बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या तोंडून. सरपंचबाईंनी मला बोलावलं होतं. जाताना मी तो वाकलेला कॅराबिनर आणि मास्तरांची वजनांची यादी सोबत नेली होती. दोन्ही हातोहात फिरून परत आले, निर्णय पुढच्या सभेवर गेलाय.